कूलरच्या मागची भिंत

मार्च महिना लागला की आमच्या चंद्रपुरात घराघरांतून एकच आवाज ऐकू येऊ लागतो. तो म्हणजे पत्र्यावर वायर ब्रश घासल्याचा आवाज. हिवाळाभर माळ्यावर, जिन्याखाली नाहीतर अंगणात ताडपत्रीखाली पडून असलेले कूलर बाहेर निघतात. कुणी जुनी खस काढून फेकतो, कुणी पंप बादलीत बुडवून चालतो की नाही ते पाहतो, कुणी टाकीचे भोक एम-सीलने बुजवतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना याची कल्पना येणार नाही. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय हे ज्याने मे महिन्यातले नवतपाचे दिवस येथे काढले त्यालाच ठाऊक. २००७ च्या जून महिन्यात आमच्या शहरात पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. अशा गावात कूलर ही चैनीची वस्तू नाही. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दिवसा दोन तास डोळा लागावा, बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला श्वास घेता यावा, यासाठी तो लागतोच. हप्त्याने का होईना, पत्र्याचा कूलर आज आपल्या बहुतेक वस्त्यांतून पोहोचला आहे.

आणखी एक गोष्ट अशी की, आपल्या घरांची रंगरंगोटी दिवाळीला होत नाही, ती जयंतीला होते. १४ एप्रिलच्या आत घर झाडून-पुसून, चुना मारून लख्ख झाले पाहिजे हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे भिंत रंगवणे आणि कूलर बसवणे ही दोन्ही कामे एकाच महिन्यात येतात. पुढे १६ ऑक्टोबरला, म्हणजे १९५६ साली बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन दीक्षा दिली त्या दिवशी, गडचिरोलीकडच्या खेड्यापाड्यांतून पाहुणे मंडळी घरी उतरतात. त्याआधी कूलर आत जातो आणि त्याच्या जागेवरची भिंत उघडी पडते. तेव्हा त्या भिंतीची जी अवस्था दिसते ती पाहून पाहुण्यांसमोर मान खाली घालण्याची पाळी येते. खालून पाव भिंत फुगलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, पांढरा लोणा आलेला, बाहेरच्या बाजूने हिरवे शेवाळ आणि वर खिडकीच्या कडेने काळा पट्टा.

हा काळा पट्टा कशाचा, असे आम्हाला आमच्या धाकट्या मुलीने एकदा विचारले होते. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, विज्ञानाशी आमचा संबंध दहावीत सुटला. तरी विचार केल्यावर उलगडा झाला. कूलर बाहेरची हवा तीन बाजूंच्या ओल्या खसेतून ओढतो आणि घरात फेकतो. ओल्या खसेतले पाणी वाफ होते आणि वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेते, म्हणून हवा गार लागते. आपल्या माठाचेही तसेच आहे. पण आमच्या शहराच्या हवेत नुसती हवा नसते. चहूकडे कोळशाच्या खाणी, रस्त्याने धावणारे कोळशाचे ट्रक आणि दुर्गापूरकडे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. या सर्वांची धूळ आणि राख कूलर इमानदारीने ओढतो. बरीचशी खसेत अडकते, उरलेली फटीफटीतून भिंतीवर बसते. ज्या कोळशाच्या विजेवर कूलर चालतो, त्याच कोळशाची काजळी त्याच्या मागच्या भिंतीवर जमते, असा हा प्रकार आहे.

आमच्या वस्तीतला एक मुलगा शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकायला गेला आहे. त्याने मध्यंतरी फोनवर सांगितले की तिकडे खोली गार करण्याऐवजी गरम करावी लागते. त्यासाठी खिडकीखाली भिंतीला लागून लोखंडी यंत्र असते, त्यातून गरम पाणी फिरते, त्याला रेडिएटर म्हणतात. गरम हवा वर चढते आणि सोबत धूळ नेते, म्हणून त्या यंत्राच्या मागची आणि वरची भिंत काळी पडते. यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये हात जात नाही. खोली सोडताना ती भिंत साफ करून, रंगवून द्यावी अशी घरमालकाची अट होती, आणि ती कशी करावी हे तो पोरगा आमच्या आईला विचारत होता! तिकडचे यंत्र गरम, इकडचे गार, पण मागच्या भिंतीचा प्रश्न सारखाच. आईने त्याला सांगितले की काठीला जुना मोजा बांध आणि आधी कोरडे झाड, ओला फडका नंतर, नाहीतर धुळीचा चिखल होईल. त्याला ते उपयोगी पडले म्हणे.

आमच्या आईला हे का विचारावे, तर भिंत हा तिचा विषय आहे. तिचे सारे तरुणपण आरमोरी तालुक्यातल्या एका गावी गेले. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, वरून पांढरी माती. दरवर्षी पावसाळा संपला की ती स्वतः भिंती सारवायची आणि कोपऱ्यातली, कणगीमागची, चुलीमागची भिंत आधी घ्यायची. समोरची शेवटी. शहरात आमच्याकडे राहायला आल्यावर तिला सिमेंटच्या भिंती मिळाल्या, पण सवय तीच राहिली.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला आजही जड जाते. परंतु ते सांगितल्यावाचून या लेखाला काही अर्थ नाही.

२०१४ सालची गोष्ट. ३० मार्चला रविवार होता, कचेरीला सुटी होती. आम्ही कूलर अंगणात काढला आणि यंदा स्वतःच रंगवायचा असे ठरवले. विहाराच्या फाटकाला मारून उरलेला निळा ऑइल पेंट घरात होता. आम्ही पत्रा घासला, रेड ऑक्साइड मारले, ते वाळल्यावर निळ्या रंगाचे दोन हात दिले. पुढची जाळी, दोन्ही बाजू, स्टँडचे पुढचे पाय, सारे चकचकीत झाले. शेजारपाजारची मंडळी येऊन पाहून गेली. मागची बाजू मात्र आम्ही तशीच सोडली. रंग संपत आला होता आणि मागून कोण पाहणार होते? आई पायरीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "बाबू, समोरून त झकास रंगवलंस, मांगून कोन रंगवन?" आम्ही हसण्यावारी नेले.

पुढच्या रविवारी, ६ एप्रिलला, दुपारी कूलर सुरू होता. मुले त्याच्यासमोर चटईवर झोपली होती. जयंती आठ दिवसांवर आली होती आणि आईच्या डोक्यात खिडकीबाहेरची काळी भिंत घोळत होती. ती कुणाला न सांगता बाहेर गेली, बादली-फडका घेऊन कूलरच्या मागची भिंत पुसू लागली. अनवाणी पाय, खाली टाकीतून ठिबकलेल्या पाण्याचा चिखल, हातात ओला फडका. तिचा हात मागच्या कोपऱ्याला लागला. तोच कोपरा आम्ही रंगवला नव्हता, तेथे उघडा पत्रा होता.

तिची किंकाळी ऐकून आमची पत्नी धावली. तिने आईला हात लावला नाही, आधी मेन स्विच पाडला. हे भान तिला कसे राहिले कोण जाणे. आम्ही असतो तर धावत जाऊन आईला मिठी मारली असती आणि आम्हीही चिकटलो असतो. आई भिंतीशी कोसळली होती, तळहात भाजला होता, शुद्ध अर्धवट होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेले. छातीची पट्टी काढली, एक रात्र ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सोडले. ती वाचली. डाव्या तळहातावरचा वण आजही आहे.

संध्याकाळी आमचा भाचा आला. त्याने आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केलेला. त्याने कूलर उघडला, बराच वेळ पाहिले आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही अर्थिंगच्या स्क्रूखालीही पेंट मारला." आम्हाला आधी काही कळेना. मग त्याने समजावून सांगितले. प्लगला तीन पिना असतात, त्यातली वरची जाड पीन अर्थिंगची. तिची हिरवी तार कूलरच्या पत्र्याला एका स्क्रूने कसलेली असते. मोटारीची जुनी वायर कुठे उघडी पडली, ओल लागून वीज पत्र्यात उतरली, तर ती या तारेने जमिनीत निघून जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ही तार असते. आम्ही रंगवताना तो स्क्रू काढला होता, त्या जागेवरही रेड ऑक्साइड आणि वर निळ्या रंगाचे दोन हात दिले होते आणि वाळल्यावर तार परत कसली होती. ऑइल पेंटमधून वीज जात नाही. तार जागेवर होती, स्क्रू घट्ट होता, पाहणाऱ्याला सारे ठीक दिसत होते. पण तार पत्र्याला टेकलीच नव्हती, ती रंगावर बसली होती.

मोटारीच्या जोडावरची चिकटपट्टी वितळून सुटली होती, ती त्याने बदलली. मग ब्लेडने अर्थिंगच्या स्क्रूभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरवडली. निळा रंग गेला, तांबडा गेला, खाली चमकता पत्रा लागला. त्यावर दातेरी वायसर घालून त्याने तार कसली आणि मीटर लावून प्लगच्या जाड पिनेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत जोड असल्याची खात्री करून दाखवली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आईचे एक झाले. पण आमची धाकटी त्या वेळी पाच वर्षांची होती आणि कूलरच्या जाळीला तोंड लावून "आ" करण्याचा तिला नाद होता. पंख्याच्या वाऱ्याने आवाज थरथरतो, त्याची तिला मजा वाटायची.

वाचकहो, आम्ही चळवळीत काम करणारे. वस्तीत अभ्यासिका चालवतो, नळाच्या आणि रेशनच्या अर्जांवर सह्या गोळा करतो, सभेत बोलतो. आणि घरात पुढचा पत्रा रंगवून मोकळे होतो! मागे हात घालायची वेळ आई-बायकोवर येते. कूलरच काय, गॅसच्या मागची तेलकट भिंत, मोरीचा कोपरा, फ्रिजच्या मागची जाळी, सारे त्यांच्याकडे. ब्रश पुरुषाच्या हातात, फडका बाईच्या हातात. आमच्या घरात तरी असेच होते आणि ते आम्हाला त्या दिवशी दिसले.

पुढल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन आमच्या गल्लीतले कूलर पाहायला निघालो. प्रत्येकाच्या घरी चहा घ्यावा लागे, म्हणून दिवसाला पाच-सहा घरांवर होत नसत. काय काय पाहिले! एका घरी तीन पिनेचा प्लग तोडून दोन पिनांचा केलेला, कारण बोर्डावर जुने सॉकेट. एका भाड्याच्या खोलीत सॉकेटला तिसरे भोक होते पण मागे तारच नव्हती. भाडेकरू बाई म्हणाल्या की मालकाला चार वेळा सांगितले, तो म्हणतो कूलर तुमचा, तुम्ही पाहा. एके ठिकाणी आकडा टाकून घेतलेली वीज होती. तेथे आम्ही रागावलो नाही, पण स्पष्ट सांगितले की आकड्याच्या विजेला अर्थिंग नसते आणि मीटरसाठी अर्ज आम्ही स्वतः भरून देऊ. आणि आमच्यासारखेच हौसेने रंगवलेले कूलरही निघाले, स्क्रूखाली रंग असलेले. त्या सर्वांचा रंग आम्ही नाण्याएवढा खरवडला. एक गृहस्थ नाराज झाले. नवा रंग खराब केला म्हणाले. त्यांना आम्ही आईकडे पाठवले, तिचा तळहात पाहून ते परत आले.

भाच्याने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती आमच्यासाठी नवीन होती. घराच्या अर्थिंगचा जो खड्डा असतो, ज्यात लोखंडी पाइप किंवा पट्टी पुरून कोळसा आणि मीठ भरतात, तो ओला असला तरच नीट काम करतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. म्हणजे कूलर रात्रंदिवस चालतो नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग कमजोर होते. पाण्याची टंचाई असली तरी आठवड्याला एक बादली त्या खड्ड्यात ओतावी. टाकीतले जुने पाणी बदलताना तेच तेथे ओतले तर वेगळे पाणी लागत नाही.

आणि टाकीतले पाणी आठवड्याला बदलावेच लागते. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठावर, टाकीच्या आतल्या भिंतीला. नुसते पाणी ओतून दिले तरी अंडी चिकटून राहतात, कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून टाकी आतून घासली पाहिजे. हंगाम संपल्यावर तर नक्कीच, नाहीतर पुढच्या वर्षीचे डास आपणच माळ्यावर जपून ठेवतो. टाकीला आतून डांबरी काळा रंग द्यावा, त्याने पत्रा टिकतो. आमच्याकडे बोअरचे पाणी जड, त्याची पांढरी खपली खसेवर आणि पंपाच्या जाळीवर बसते, तीही त्याच वेळी खरडून काढावी.

भिंतीबद्दल आईचे म्हणणे आम्ही आता ऐकतो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट मारणे म्हणजे पैसे पाण्यात. आतली ओल बाहेर पडू पाहते, रंग तिला अडवतो, मग फोड येतात. अशा भिंतीला चुना बरा, तो ओल जाऊ देतो. शिवाय काम एप्रिलमध्ये नव्हे, फेब्रुवारीत करावे. तेव्हा भिंत पाच-सहा महिन्यांची कोरडी असते, लोणा खरडून ब्रशने झाडला की निघतो. कूलर भिंतीला चिकटवू नये, मध्ये हात जाईल एवढी जागा ठेवावी आणि स्टँडचा उतार किंचित बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे सांडलेले पाणी भिंतीकडे येत नाही. जुना रंग काढताना आम्ही आता पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरतो, तोंडाला फडका बांधतो आणि मुलांना लांब ठेवतो. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे बरेच असायचे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग आपल्या फाटकांवर, खिडक्यांवर, कूलरवर अजून आहे, आणि त्याची कोरडी धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट.

हल्ली प्लॅस्टिकचे कूलर आले आहेत. ते गंजत नाहीत, रंगवावे लागत नाहीत, पत्र्यातून शॉक बसण्याची भीतीही कमी. परंतु पंप आणि पाणी त्यांतही आहेच आणि आमच्या उन्हाळ्याला पत्र्याचा मोठा कूलरच पुरतो असे लोकांचे मत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी मीटरजवळ ३० मिलीअँपचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. वीज कुठेही गळू लागली की तो क्षणात पडतो. आम्ही बोनसच्या पैशांत बसवला. त्या वर्षी दिवाणाची गादी बदलायची राहिली, पत्नीने त्यावर अजूनपर्यंत टोमणा मारलेला नाही.

आमचा तो निळा कूलर आजही आहे. टाकी दोनदा बदलली, मोटार एकदा. दर फेब्रुवारीत आम्ही त्याला रंग देतो आणि सुरुवात मागच्या बाजूने करतो. अर्थिंगच्या स्क्रूची जागा मात्र कोरी ठेवतो. तेथे दरवर्षी थोडा गंज धरतो, तो ब्लेडने काढावा लागतो. यंदा ते काम धाकटीने केले. ती आता बारावी झाली आहे आणि तिला मीटर लावता येतो. आई पायरीवर बसली होती. तिला आता कमी दिसते, पण ब्रशचा आवाज ऐकून तिने दोनदा विचारले, "पिलग काढला का बाबू?" कूलर अजून घरात नेलाच नव्हता, वायर अंगणात मोकळी पडली होती. तरी धाकटीने प्लग उचलून आजीच्या हातात नेऊन दिला.